अक्षरं दिली आहेत, शब्द हुडकायचाय

एक्स आणि झेड ही दोन्ही अक्षरं असलेला, दहापेक्षा जास्त अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगा. असं कोणी विचारलं की बहुतेकांचं डोकं एक्स-रेपासून सुरुवात करतं, झेब्र्यावर जातं, बॉक्समध्ये डोकावतं आणि तिथेच अडकतं. यात बुद्धीचा दोष नाही. शब्द आपल्या डोक्यात पहिल्या अक्षराच्या दाराने शिरलेला असतो आणि छापील कोशही त्याच दाराने उघडतो. मधलं अक्षर धरून शब्द ओढून काढायची सवय कोणालाच नसते. उत्तर मात्र ओळखीचं आहे: मॅक्सिमायझेशन, अक्षरं बारा. ऑक्सिडायझेशन म्हणालात तर अकरा, तेही चालेल.

हे शब्द कसे सापडतात, कागदावर कसे शोधायचे आणि कंप्युटरकडून कसे काढून घ्यायचे, ते इथे सांगितलं आहे. एक सूचना आधीच: हा सगळा मामला स्पेलिंगचा आहे, उच्चाराचा नाही. म्हणून अक्षरांची नावं ए, बी, सी अशीच लिहिली आहेत आणि जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे ते जोडरेघांनी फोडून दाखवलं आहे.

आधी प्रश्न नीट विचारा

'या अक्षरांचा शब्द' हे वाक्य फसवं आहे. त्यात किमान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि एका प्रश्नाची रीत दुसऱ्याला लावली की चुकीची उत्तरं येतात.

पहिला प्रकार: दिलेली अक्षरं शब्दात असलीच पाहिजेत, बाकी काहीही चालेल. वरचं एक्स-झेडचं कोडं या प्रकारचं.

दुसरा: फक्त दिलेलीच अक्षरं वापरायची आणि तीही जेवढी मिळाली तेवढीच. स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळात हातात अक्षरांचे सात ठोकळे असतात, त्यात पी एकच असेल तर 'ॲपल' होत नाही, कारण त्याला पी दोन लागतात. ब्रिटनच्या चॅनल फोरवर 1982 पासून चालणारा काउंटडाउन हा कार्यक्रम याच जातीचा. नऊ अक्षरं आणि 30 सेकंद. जेवढी अक्षरं वापराल तेवढे गुण, आणि नऊच्या नऊ वापरली तर दुप्पट, म्हणजे 18. त्याचा मूळ फ्रेंच अवतार 1965 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचं नावच 'सर्वांत लांब शब्द' असं होतं.

तिसरा: फक्त दिलेलीच अक्षरं, पण प्रत्येक कितीही वेळा वापरा. न्यूयॉर्क टाइम्सचा स्पेलिंग बी हा खेळ असा आहे. सात अक्षरं, मधलं सक्तीचं, शब्द किमान चार अक्षरांचा. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या दहा अक्षरांपासून शब्द करा, हे जुनं कोडंही याच प्रकारचं. टाइपरायटर हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर (टी-वाय-पी-ई-डब्ल्यू-आर-आय-टी-ई-आर). तेवढ्याच लांबीचे प्रोप्रायटर, रेपर्टवार आणि परपेच्युइटी हेही त्याच ओळीत बसतात, पण त्यांचं नाव कोणी काढत नाही.

चौथा प्रकार अनॅग्रामचा. सगळी अक्षरं वापरायची, उरवायचं काही नाही.

याशिवाय क्रमाची अट असू शकते. अक्षरं लागून हवीत की फक्त त्या क्रमाने आली तरी पुरे? एक्स-ओ-पी लागून हवे असतील तर सॅक्सोफोन आठवेपर्यंत घाम फुटतो. पाच स्वर ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने हवेत म्हटलं तर फसीशस (एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस) आणि ॲबस्टीमियस ही ठरलेली उत्तरं. पण ॲडव्हेंटिशसही त्या अटीत बसतो, फक्त त्यात आय दोनदा येतो. 'प्रत्येक स्वर एकदाच' असं म्हणायचं होतं तर ते आधी म्हणायला हवं होतं. उलट्या क्रमाने, यू-पासून ए-पर्यंत, हवे असतील तर शब्द आपल्या घरचा आहे: सबकॉन्टिनेंटल.

कागद-पेन्सिल घेऊन

लांब इंग्रजी शब्द सहसा एका दगडाचा नसतो. तो तुकडे जोडून बांधलेला असतो: पुढे उपसर्ग, मध्ये धातू, मागे एक-दोन प्रत्यय. म्हणून अक्षरं शोधण्याऐवजी तुकडे शोधायचे.

समजा आठ अक्षरं आहेत: ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी. ती ओळीत लिहू नका, ओळीत लिहिलं की डोळा तोच एक खोटा शब्द वाचत राहतो. गोलात लिहा. आता आय-एन-जी दिसताहेत, ती बाजूला काढा. उरली ए, ई, एल, आर, टी. यांचा अलर्ट होतो, म्हणून अलर्टिंग. ऑल्टर होतो, म्हणून ऑल्टरिंग. लेटरही (एल-ए-टी-ई-आर, म्हणजे नंतर) होतो, पण ते क्रियापद नाही, त्याला आय-एन-जी लागत नाही.

आणखी एक आहे आणि तो बऱ्याच जणांच्या हातून सुटतो: रिलेटिंग. सुटतो कारण रिलेट या क्रियापदात ई दोन आहेत आणि आपल्याकडे एकच. पण आय-एन-जी लागताना शेवटचा ई गळतो. म्हणून आय-एन-जी बाजूला काढलं की उरलेल्या अक्षरांत एक फुकटचा ई मनात धरून पुन्हा बघायचं. असाच दगा दुसरीकडेही होतो. रनचं रनिंग होताना एन दुप्पट होतो, म्हणजे एकूण तीन एन लागतात. हॅपीचं हॅपिनेस होताना वायचा आय होतो, म्हणून हातात वाय आहे एवढ्यावर हॅपिनेसची आशा धरू नये.

आय-एन-जीने तीन शब्द दिले. पण त्याच आठ अक्षरांचे आणखी दोन नेहमीचे शब्द आहेत: ट्रँगल आणि इंटिग्रल. आय-एन-जीच्या नादाला लागलात तर हे दोन्ही दिसत नाहीत, कारण त्यांत ती तीन अक्षरं विखुरलेली आहेत. म्हणून एक प्रत्यय पिळून झाला की तो मोडायचा आणि दुसरा तुकडा धरायचा. शेवटी ए-एल, पुढे टी-आर-आय, पुढे आय-एन. पहिल्या यशाला चिकटून बसणं ही या खेळातली सर्वांत महाग चूक.

कोणते तुकडे आधी बघायचे? शेवटाकडून आय-एन-जी, टी-आय-ओ-एन, ए-बी-एल-ई, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, ओ-यू-एस, आय-टी-वाय, आय-व्ही-ई. पुढून यू-एन, आर-ई, डी-आय-एस, ओ-व्ही-ई-आर, ओ-यू-टी, आय-एन-टी-ई-आर. एवढ्यावर बरंच काम होतं. लांब शब्दांत ई, टी, आय, एन ही अक्षरं वरचेवर दिसतात त्याचं कारणही हेच: प्रत्यय त्यांचेच बनलेले आहेत.

स्क्रॅबल गंभीरपणे खेळणारे याच्या पुढची पायरी वापरतात. सहा अक्षरांचा एक 'खुंटा' पाठ करायचा, ज्याला सातवं म्हणून बरीच अक्षरं चिकटतात. रेटिना हा त्यातला गाजलेला. आर-ई-टी-आय-एन-ए यांत सी मिसळला की सर्टन, के मिसळला की केराटिन, एच आला की हेअरनेट, एम आला की मिनरेट, पी आला की पेंटर, जी आला की ग्रॅनाइट, एफ आला की फेंटर. हातातले सातही ठोकळे एका डावात लागले तर 50 गुण जादा मिळतात, म्हणून ही पाठांतराची हौस. खेळात जपून ठेवायची अक्षरं तीच का, याचं उत्तर ठोकळ्यांच्या मोजणीत आहे. 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गेलेले न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रातली अक्षरं मोजून खेळ आखला. 100 ठोकळ्यांत ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, ओ 8, एन, आर आणि टी प्रत्येकी 6. एस मात्र फक्त 4, नाहीतर जो तो अनेकवचनं करत बसला असता.

दुर्मीळ अक्षर म्हणजे पत्ता

'ही अक्षरं असलीच पाहिजेत' अशा प्रश्नात ई किंवा टीपासून सुरुवात करणं म्हणजे गर्दीत पांढरा शर्ट शोधणं. सर्वांत अवघड अक्षर आधी धरा. ते अडचण नसतं, उलट शब्द कुठे राहतो तो पत्ता त्यातच असतो.

झेड दिसला की आधी शेवटी आय-झेड-ई, किंवा त्याचं नाम करणारं आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन. मग पुढे एक्स असलेला धातू बसवायचा, मॅक्सिम किंवा ऑक्सिड. सुरुवातीचं कोडं असं सुटतं. एक्स एकटाच असेल तर पहिला संशय ई-एक्स या उपसर्गाचा.

व्ही शब्दाच्या शेवटी सहसा उभा राहत नाही, त्याच्या मागे ई असतोच. म्हणून आय-व्ही-ई हा प्रत्यय किंवा ओव्हर हा उपसर्ग. जे आला की लॅटिन धातूंची एक छोटी टोळी आठवायची: जेक्ट, जंक्ट, ज्युर, ज्युड. त्यातून ऑब्जेक्शनेबल, कन्जंक्शन, ज्युरिसडिक्शन, प्रेज्युडिशियल असे लांब शब्द निघतात. शेवटी जे असलेले शब्द मात्र आपल्याकडून किंवा अरबीतून गेलेले: राज, ताज, हज, स्वराज. इंग्रजी मातृभाषा असलेला खेळाडू इथे चाचपडतो आणि मराठी माणूस बसल्या जागी उत्तर देतो. क्यूनंतर यू नसलेल्या शब्दांचंही तसंच, कव्वाली आणि निकाब ही दोन उदाहरणं पुरेत.

के आणि डब्ल्यू यांचं कुळ वेगळं. ही अक्षरं लॅटिनला जवळजवळ परकी, त्यामुळे टी-आय-ओ-एनच्या वाटेला जाऊच नका. इथे जुने जर्मनिक शब्द आणि त्यांचे जोडशब्द बघायचे: वर्क, नो, बुक, वॉक, वर्ड, शिप. के, व्ही आणि डब्ल्यू तिन्ही हवेत? व्हीसाठी ओव्हर, के-डब्ल्यूसाठी वर्क, लांबी वाढवायला आय-एन-जी. ओव्हरवर्किंग, अकरा अक्षरं. के आणि डब्ल्यू घेऊन पंधरापर्यंत जायचं असेल तर ॲक्नॉलेजमेंट आहे, फक्त जीनंतरचा ई ठेवलेलं स्पेलिंग घ्या. अमेरिकन लोक तो ई गाळतात आणि शब्द चौदाचा होतो.

आणि पी-एच, आर-एच, शब्दाच्या मध्येच वाय, 'क' म्हणून उच्चारलेला सी-एच, हे दिसलं की ग्रीक. तिथे फोटो, ग्राफ, लॉजी, मायक्रो, हायड्रो असे डबे जोडत जायचे. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द असाच जोडलेला: डी-ई-आर-एम-ए-टी-ओ-जी-एल-वाय-पी-एच-आय-सी-एस. अर्थ, कातडीवरच्या रेषांचा, म्हणजे बोटांच्या ठशांचा अभ्यास. पंधरा अक्षरं आणि एकही दोनदा नाही. त्याच्या तोडीचा दुसरा म्हणजे अनकॉपीराइटेबल, तोही पंधराचा. एकही अक्षर पुन्हा न येता यापेक्षा लांब जाणं फार कठीण आहे, कारण स्वर संपतात.

कलर की कलर?

उच्चार एकच, स्पेलिंग दोन. शाळेत आपल्याला यू घालून शिकवतात, अमेरिकेत यू नाही. शब्द शोधताना हा फरक निर्णायक ठरतो, कारण एका अक्षराने शब्द यादीत असतो किंवा नसतो. मॅक्सिमायझेशन आपण बहुधा एस घालून लिहितो, मग वरच्या कोड्यातला झेडच नाहीसा होतो. ट्रॅव्हलिंगमध्ये आपल्याकडे एल दोन, तिकडे एक. यादी कोणत्या देशाची आहे हे न बघता 'असा शब्दच नाही' असं म्हणू नये. ऑक्सफर्डच्या कोशात आय-झेड-ई हेच रूप पुढे ठेवलेलं असतं, त्यामुळे 'ब्रिटिश म्हणजे एस' हा नियमही पक्का नाही.

शब्दांची यादी आणि एक्सेलचा तक्ता

प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालतं. एका ओळीत एक शब्द अशी साधी यादी हवी आणि तक्ता उघडता यायला हवा.

यादी निवडताना मोठी ती चांगली असं नसतं. मॅकवर आणि काही युनिक्स प्रणालींवर एक यादी आधीच असते, ती वेबस्टरच्या 1934 च्या कोशावरून केलेली आहे. शब्द सुमारे 2 लाख 35 हजार. पण त्यात बहुतेक अनेकवचनं आणि क्रियापदांची रूपं नाहीत, आणि कोणी कधी वापरत नाही असे पुराणे शब्द भरपूर. खेळांसाठी एनेबल नावाची खुली यादी बरी, सुमारे 1 लाख 73 हजार शब्द, रूपांसकट. स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल उचललीत तर सावध राहा. तिच्यात मूळ शब्द, पुढे तिरकी रेघ आणि पुढे काही सांकेतिक अक्षरं असतात, ती प्रत्ययांच्या नियमांची खूण असते. ती फाइल उलगडल्याशिवाय यादी म्हणून वापरली की 'वर्किंग' सापडत नाही आणि लांबी भलतीच मोजली जाते.

एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळी मावतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. यादी चिकटवण्याआधी स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' करा, नाहीतर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द तर्कमूल्यं होऊन बसतात. दुसऱ्या स्तंभात शब्दाला क्लीन आणि लोअर ही दोन फंक्शनं लावा. लोअर मोठी अक्षरं लहान करतं. क्लीनची गरज अशी: विंडोजमध्ये बनलेल्या फाइलच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण असते, ती कधीकधी शब्दाला चिकटून येते. मग बारा अक्षरी शब्दाची लांबी तेरा येते आणि 'शेवटी जी असलेले' असं विचारलं तर एकही मिळत नाही, कारण शेवटी जी नसून ती खूण असते. ट्रिमने ती जात नाही, ट्रिम फक्त मोकळ्या जागा काढतं. तिसऱ्या स्तंभात लेनने लांबी.

आता पहिल्या प्रकारचा प्रश्न, 'ही अक्षरं असलीच पाहिजेत'. प्रत्येक अक्षरासाठी सर्च फंक्शन, आणि त्याभोवती इझनंबर, कारण अक्षर नसलं की सर्च आकडा न देता एरर देतं. सगळ्या अटी अँडने बांधा, फिल्टर लावा, लांबीनुसार उतरत्या क्रमाने लावा. एखादं अक्षर दोनदा हवं असेल तर सर्च पुरत नाही. तिथे सबस्टिट्यूटने ते अक्षर पुसायचं आणि आधीच्या लांबीतून नंतरची वजा करायची. वजाबाकी म्हणजे ते अक्षर किती वेळा आलं तो आकडा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी हाच सबस्टिट्यूट उलटा चालवायचा. हातातल्या प्रत्येक अक्षरासाठी एक सबस्टिट्यूट, एकात एक घातलेले, आणि प्रत्येक जण शब्दातलं आपलं अक्षर पुसणार. शेवटी काही उरलं नाही तर तो शब्द तुमच्या अक्षरांत होतो. या फंक्शनला शेवटी एक ऐच्छिक आकडा देता येतो, कितवं अक्षर पुसायचं तो. 1 दिलात तर फक्त पहिलं पुसलं जातं, म्हणजे स्क्रॅबलचा नियम. काहीच दिलं नाही तर सगळी पुसली जातात, म्हणजे स्पेलिंग बीचा नियम. दोन खेळांतला सगळा फरक त्या एका आकड्यात आहे. आणि स्क्रॅबलच्या बाबतीत शेवटी नेमकं एक अक्षर उरलं, तर तो शब्द एका कोऱ्या ठोकळ्याने, म्हणजे हवं ते अक्षर मानता येणाऱ्या ठोकळ्याने, होऊ शकतो. वरच्या आठ अक्षरांना 'लेटर' म्हणजे पत्र हा शब्द लावून बघा. टी आणि ई एकेक उरतात, म्हणून दोन कोरे ठोकळे लागतील. खेळात तेवढेच असतात.

लांबीनुसार लावलं की वर कचरा येतो, त्याची तयारी ठेवा. काही मोठ्या याद्यांत सर्वांत वर 45 अक्षरांचा, धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा शब्द असतो. तो 1935 मध्ये कोडेप्रेमींच्या अमेरिकन संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांबवून रचलेला आहे. त्याखाली रसायनं आणि शस्त्रक्रिया. स्क्रॅबलचा पट 15 बाय 15 चा, त्यामुळे आठ ते पंधरा एवढीच चाळणी लावली तरी कामाचं सगळं हाती येतं. चाळणी लावण्याआधी एक मात्र बघून घ्या: फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, 29 अक्षरं, त्यात आय नऊ वेळा आणि इंग्रजीतलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं ई एकदाही नाही.

कंप्युटरला आदेश टाइप करून काम करणाऱ्यांसाठी ग्रेप आहे, फाइलमधून दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी काढून देणारं. केन थॉम्पसन यांनी 1973 च्या सुमारास लिहिलेलं हे हत्यार अजून तसंच धारदार आहे. एका अक्षराची चाळणी, तिचं उत्तर पुढच्या अक्षराच्या चाळणीत, असे चार-पाच ग्रेप एकापुढे एक जोडले की पहिल्या प्रकारचा प्रश्न सुटतो. सगळी अक्षरं एकाच नमुन्यात कोंबायला जाऊ नका. पाच अक्षरांचे क्रम 120 होतात, नमुना तेवढा लांब होतो आणि चूक शोधता येत नाही.

शब्दाचा ठसा

अक्षरं जुळवून बघणारी संकेतस्थळं एवढी झटकन उत्तर कशी देतात? मांडण्या करून नक्कीच नाही. पंधरा वेगळ्या अक्षरांच्या मांडण्या 1,30,767 कोटींहून जास्त होतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाचा एक ठसा आधीच काढून ठेवलेला असतो: त्यातली अक्षरं वर्णक्रमाने लावायची, बस. ट्रँगल, इंटिग्रल, रिलेटिंग, ऑल्टरिंग, अलर्टिंग या पाचही शब्दांचा ठसा एकच येतो, ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. यादी ठशांनुसार लावली की पाचही आपोआप शेजारी येऊन बसतात. तुमची अक्षरं आली की त्यांचाही ठसा काढायचा आणि त्या कप्प्यात काय आहे ते बघायचं. कॉन्व्हर्सेशन आणि कॉन्झर्व्हेशन एका कप्प्यात सापडतात. सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकायरॉप्टरन, म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ, हेही.

सगळी अक्षरं वापरायची सक्ती नसेल तर काही अक्षरं गाळून उरलेल्यांचे ठसे बघायचे. पंधरा अक्षरांतून काही निवडण्याचे प्रकार फक्त 32,767. मांडण्यांच्या त्या आकड्यापुढे हे काहीच नाही.

गणिताची आवड असलेल्यांसाठी ठशाची दुसरी तऱ्हा आहे. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची: ए ला 2, बी ला 3, सी ला 5, अशा क्रमाने आय ला 23, टी ला 71, झेडला 101. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करायचा. कॅटचा गुणाकार 5 × 2 × 71 = 710. ॲक्टचाही 710. ॲटिक, म्हणजे माळा (ए-टी-टी-आय-सी), याचा 11,59,430. त्याला 710 ने भागलं की 1,633, बाकी शून्य. म्हणजे कॅट माळ्यावर आहे, आणि 1,633 म्हणजे 71 × 23, उरलेले टी आणि आय. दोनदा आलेली अक्षरंही यात बरोबर मोजली जातात. पण लांब शब्दांत संख्या अवाढव्य होते आणि एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक सरळ शून्य करून टाकतं. मग भागाकार निमूटपणे चुकतो, एरर न देता. म्हणून तक्त्यात हे करू नये, पायथॉनसारख्या भाषेत करावं, तिथे पूर्णांक कितीही मोठा चालतो.

हीच युक्ती मराठी शब्दांवर चालवायला गेलात तर मात्र पहिल्याच पावलाला ठेच लागते. कंप्युटरच्या लेखी 'स्त्री' हे एक अक्षर नाही, सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. लेन फंक्शन सहाच सांगतं. ठसा काढायला वर्णक्रम लावलात तर मात्रा व्यंजनांपासून सुटून शेवटी गोळा होतात. म्हणून मराठीसाठी आधी शब्दाची उच्चारी अक्षरं फोडून घ्यावी लागतात, मगच मोजणी. 'टेप आणा आपटे' हे वाक्य उलट वाचलं तरी तेच राहतं, हे पहिलीतल्या मुलालाही पटतं, कारण ते टे, प, आ, णा असं वाचतं. कंप्युटरला चिन्हागणिक उलटायला सांगा, तो आधी 'टे'ची मात्रा ठेवतो, मग ट, आणि वाक्य 'पेट'वर संपवतो.